निळा पडदा आणि पार्शाची पत्रिका

"परत निळो झालो! अरे, परत निळो झालो रे!"

डिचोलीच्या बाजारात छापखान्याचा मालक असा ओरडत होता की मये तळ्यावरचे बगळे उडाले असतील. मी समोरच्या हॉटेलात पातळभाजी-पाव खात होतो. पाव हातात घेऊनच धावलो. निळा झाला होता तो माणूस नव्हे, संगणक. पडदा निळा, त्यावर पांढऱ्या अक्षरांत न कळणाऱ्या शिव्या, आणि मग सगळे ठप्प.

त्या काळी संगणक दुरुस्त करणारा म्हणून माझा दबदबा मोठा. मी उंबरठा ओलांडला की निम्मी यंत्रे भीतीनेच सुरू होत. उरलेली निम्मी मी सुरू करी.

आत स्टुलावर मालकाचे भावोजी बसले होते. पार्से गावचे, तिथल्याच शाळेत मास्तर. त्यांच्या मुलीचे लग्न ठरले होते आणि भाचीच्या पत्रिका मामाच्याच छापखान्यात छापायच्या, हे तर आधीच ठरलेले. पण पहिली पत्रिका देवापुढे ठेवल्याशिवाय दुसरी कोणाच्या हातात द्यायची नाही. गाऱ्हाणे घालायला, म्हणजे कार्य निर्विघ्न होऊ दे म्हणून देवाला विनवायला, गुरव आणि मानकरी उद्या सकाळी गावच्या देवळात जमणार होते. तेव्हा एक तरी पत्रिका आज, शेवटची बस सुटायच्या आत हवी होती.

"भावोजी, तुम्ही बसा. हे आलेत, आता होतलं," मालक म्हणाला.

"बसलोच आहे," मास्तर म्हणाले. "दुपारपासून."

मी कामाला लागलो. आधी दोष विजेला दिला, मग खाणीच्या धुळीला. डब्याचे झाकण काढून फुंकर मारली तर एवढी लाल धूळ निघाली की मुरगाव बंदरात खनिजाचे एक जहाज भरून गेले असते. यंत्र पुसून सुरू केले. पत्रिका पडद्यावर झकास दिसत होती. छापायचा हुकूम दिला आणि पडदा निळा.

आता संशय त्या मराठी अक्षरजुळणीच्या प्रोग्रामवर. तो होता फार जुना. मालकाने दसऱ्याला नवा संगणक घेतला तेव्हा तो त्यावर उघडेचना. नव्या संगणकाच्या प्रणालीत यावर एक सोय होती. प्रोग्रामच्या माहितीत जाऊन एका चौकटीत खूण करायची, की प्रणाली त्याच्याशी आपण जुनीच असल्यासारखी वागते. गोव्यात काही म्हाताऱ्यांशी अजून पोर्तुगीजच राज्य करतात असे धरून बोलावे लागते, तशातलाच प्रकार. ती खूण कशी करायची ते मीच मालकाला फोनवर शिकवले होते.

मी यंत्र परत सुरू केले आणि तो प्रोग्राम उघडलाच नाही. साध्या टिपणाच्या पानावर नुसता 'श्री' लिहून छापायला दिला. पडदा निळा. म्हणजे जुना प्रोग्राम निर्दोष. दोष छापण्यातच कुठेतरी.

यंत्र पुन्हा सुरू करून प्रिंटरच्या प्रोग्रामची माहिती उघडली तर तिथेही खूण. बेरीज-वजाबाकीच्या गणकयंत्राची उघडली, तिथेही. पत्त्यांच्या खेळालासुद्धा.

"या खुणा कोणी केल्या?"

"मीच," मालक म्हणाला. "तुम्हीच सांगितलं, खूण केली की चालतो."

"एकाला सांगितली होती."

"असं कसं? खंडेनवमीला मोठ्या मशीनला गंध लावायचं आणि कटिंग मशीनला ठेवायचं कोरडं? एकाक लावून दुसऱ्याक नाही, तर तो रुसणार नाय?"

प्रिंटरचा प्रोग्राम बिचारा नव्या राज्यातच जन्मलेला. त्याला सांगितले होते की बाबा, राज्य अजून जुनेच आहे. हुकूम आला की तो जुन्या वाटेने प्रणालीच्या पोटात शिरे, तिथे वाट नसे, आणि आपल्याबरोबर सगळ्यांना घेऊन पडे. मी त्याची खूण काढली. 'श्री' छापून आला. मग खात्री करावी म्हणून खूण परत केली आणि पुन्हा छापायला दिले.

"निळो!" मालक ओरडला.

"मुद्दाम केला," मी म्हणालो.

मास्तरांनी घड्याळाकडे पाहिले, मग माझ्याकडे. मी संगणक नव्याने सुरू केला आणि जुन्या प्रोग्रामची तेवढी ठेवून बाकी सगळ्या खुणा काढल्या. पत्रिका बाहेर आली. मालकाने तिच्या कोपऱ्यांना हळदकुंकू लावले. मास्तर ती घेऊन बसच्या दिशेने असे निघाले की त्यांची वहाण एकीकडे आणि ते दुसरीकडे.

पुढे लग्नाच्या पंगतीत मी ही हकिकत शेजाऱ्यांना सांगत होतो. त्यात निळ्या पडद्यातून धूर निघू लागला होता आणि शेवटची बस मी हात आडवा घालून थांबवली होती. वाढायला आलेले मास्तर माझ्या पानासमोर थांबले.

"मास्तर, तुम्हीच सांगा," मी म्हणालो. "त्या दिवशी मी नसतो तर देवापुढे काय ठेवलं असतं?"

त्यांनी माझ्या पानात भात वाढला.

"गुरवानं तोंडीच गाऱ्हाणं घातलं," ते म्हणाले. "पत्रिका मी घरीच विसरलो होतो."