ठिपक्यांतली ताई

माझ्या विहीणबाईंना देवानं हात दिलेत ते फक्त ठिपके मांडायला. हुडकेश्वरला माझी लेक दिली ती यांच्याच घरी, पण लेकीला भेटायचं तर आधी विहीणबाईंची रांगोळी ओलांडावी लागते, आणि ती एवढी की दूधवाला बिचारा फाटकावरूनच पिशवी देतो. पापड वाळत घालतील तेही अकरा ठिपके अकरा ओळी, पाहुण्यांच्या खुर्च्यासुद्धा तशाच!

मागच्या उन्हाळ्यात आमच्या दोघींच्या नातीचं कॉमिक त्यांच्या हाती लागलं. इमारतींवरून उडणारा हिरो पाहून म्हणाल्या, "याच्यात काय एवढं? थांब, तुले खरी हिरो दाखवते." आणि स्वतःच वही घेऊन बसल्या. हिरो कोण, तर त्यांची थोरली ताई. लहानपणापासून एका पायानं अधू. नरखेडकडच्या त्यांच्या गावात, विहीणबाईंच्या मॅट्रिकच्या पेपरच्या दिवशी, ही ताई लंगडत जाऊन निघालेल्या एसटीपुढे उभी राहिली आणि मागून धापा टाकत येणाऱ्या बहिणीसाठी तिनं गाडी थांबवली. गोष्ट झकास, पण ठिपक्यांशिवाय बाईंचा हात चालेना. मग काय, ड्रायव्हर कमळासारखा, आणि ताई डावीकडून-उजवीकडून अगदी सारखी! मी आपलं "छान जमलंय हो" म्हटलं. त्यांना एकच ध्यास होता. ताईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नागपुरात व्हायचं होतं. "माह्या शिक्षणापायी शिलाई करू करू गेले तिचे डोळे. पट्टी निघाली की तिनं पहिले हेच पाहावं."

पट्टी निघाली. ताईंनी वही नाकाशी धरून पानं उलटली.

"हे कोण हाये वं?"

"तूच ना, ताई."

"मंग माहा पाय काहून सरळ केला?"

"ठिपक्यात तसाच येते वं," विहीणबाईंचा चेहरा एवढासा झाला.

"अवं, त्या पायानंच त थांबली एसटी! ड्रायव्हरले दिसलं, हे काही बाजूले पळत नाही. धड पाय असता त मीच पळाली असती."

हसता हसता ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं, तशा विहीणबाई ओरडल्या, "हात नको लावू वं डोळ्याले!"

त्या दुपारी विहीणबाईंनी कोरं पान उघडलं. ठिपका एकही नाही. पाय वाकडा आला, रस्ता वाकडा, एसटीही वाकडीच. ताईंनी तेवढं एक पान फाडून घेतलं आणि घडी घालून गावी नेलं.

वही हुडकेश्वरलाच आहे. हल्ली मी गेले की विहीणबाई ती काढतात, त्या फाटक्या कडेवर बोट ठेवतात आणि मला सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगतात.