रेसच्या गाडीतून आत्या

आमच्या फियाटची मागची सीट मी स्वतःच्या हातानं काढली, आणि काढताना मी पूर्ण शुद्धीत होतो.

पेट्रोल एकदम महागलं त्या वर्षाची ही गोष्ट. मी चोवीस वर्षांचा, सोलापुरात वडिलांच्या भुसार दुकानात बसायचो. वडिलांना आम्ही अप्पा म्हणायचो. सुगीसाठी अप्पा महिनाभर मैंदर्गीला त्यांच्या बहिणीकडे, म्हणजे आमच्या नीलव्वा आत्याकडे गेले, गाडी सोलापुरात राहिली, आणि नेमकं तेव्हाच मला कळलं की एका जुन्या धावपट्टीवर मोटारींची शर्यत होणार आहे. गाडी अप्पांची होती. काटा चाळिसाच्या पुढं गेला की ते खाकरायचे. पण ते परत यायच्या आत गाडी तयार करायची, पळवायची आणि होती तशी आणून ठेवायची, असा माझा साधा बेत होता.

सात रस्त्याजवळ गफूरभाईंचं गॅरेज होतं. त्यांचा सगळा जन्म ट्रक दुरुस्त करण्यात गेला होता, शर्यत त्यांनी पाहिली नव्हती. (मी तरी कुठं पाहिली होती?) पण त्यांचं म्हणणं पक्कं होतं, "बाबू, हलकी हुई तो भागती." मग मागची सीट गेली, ड्रायव्हरशेजारची गेली, स्टेपनी गेली. इंजिनचा पंखा ताकद खातो आणि वेगात वारं आपोआप लागतं, म्हणून पंखाही गेला. वळणावर गाडी डुलू नये म्हणून स्प्रिंगचे पाटे बदलून ती खाली बसवली. सायलेन्सरच्या जागी सरळ पाइप आला. विजापूर रोडवर पहिल्यांदा पळवली तेव्हा जेवढा आनंद झाला, तेवढा पुढं लग्नातसुद्धा झाला नाही.

दुसऱ्याच आठवड्यात शेजारच्या दुकानात ट्रंककॉल आला. आत्या माळवदावरून उतरताना पडली होती. कमरेचं हाड मोडलंय, सोलापूरला न्या, असं गावातल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. एसटीत तिला बसवत नव्हतं. गाडी घेऊन ताबडतोब ये, एवढं बोलून अप्पांनी फोन ठेवला. मी "गाडी जरा..." म्हणेपर्यंत लाइन तुटली होती.

धावत गॅरेजला गेलो तर कुलूप. गफूरभाई गुलबर्ग्याला भाच्याच्या लग्नाला गेलेले, आणि आमच्या दोन सीटा, पंखा, सायलेन्सर आत. गाडी होती तशीच घेऊन निघालो.

मी मैंदर्गीत पोचायच्या आधी माझा आवाज पोचला. निम्मं गाव वेशीत उभं, दोन बैल दावं तोडून पळालेले. अप्पांनी मागचं दार उघडलं आणि बराच वेळ आत बघत राहिले.

"सीट कुठं हाय?"

"काढलीय."

"का?"

"गाडी हलकी व्हावी म्हणून."

अप्पांनी एकदा गाडीकडं बघितलं, एकदा बाजेवरच्या आत्याकडं. आत्या अंगानं चांगली भरलेली बाई. भुशाची पोती आणि चार चादरी अंथरून आम्ही तिला गाडीत आडवी केली. माझ्याशेजारी सीट नव्हती, म्हणून अप्पा तेलाचा रिकामा डबा पालथा घालून त्यावर बसले.

जरा वेग घेतला की रस्त्यावरचा खडान्‌खडा आत्याच्या कमरेपर्यंत पोचायचा. ती कण्हत कानडीत म्हणायची, "निधान होगो, बसू." म्हणजे हळू जा रे. बसू म्हणजे मी. हळू गेलो की इंजिन उकळायचं. पहिल्यांदा वाफ उसळली तेव्हा अप्पांनी कारण विचारलं. पंखा ताकद खातो म्हणून काढलाय, असं मी सांगितलं.

"खाणारं काम बी करतं की," अप्पा म्हणाले आणि पाण्याला निघाले. पाणी आणायला भांडं एकच होतं, त्यांच्या बुडाखालचा डबा. दर दोन-तीन मैलांवर ते उठायचे, विहिरीवरून डबा भरून आणायचे, इंजिनात ओतायचे आणि ओला डबा पालथा घालून पुन्हा त्यावर बसायचे. एक बैलगाडी आम्हाला तीनदा मागं टाकून गेली.

अक्कलकोटच्या पुढं आत्याचं कण्हणं थांबलं. मला धडकी भरली. तेवढ्यात मागून आवाज आला. शर्यत म्हणजे नक्की काय, जायचं कुठं असतं, असं ती विचारत होती. मी म्हणालो, "कुठं नाही. गोल फिरून होतो तिथंच यायचं." ती हसायलाच लागली. हसली की कंबर दुखायची, कंबर दुखली की ओरडायची, आणि पुन्हा हसायची. डब्यावरच्या अप्पांचे खांदे हलत होते. मी मात्र रस्त्याकडं बघत राहिलो.

आत्याला दवाखान्यात दाखल केलं. पाय वजनाला बांधून दोन महिने पडून राहावं लागेल, पण चालेल, असं डॉक्टर म्हणाले. आम्ही दोघं बाहेरच्या बाकावर येऊन बसलो. अप्पांच्या धोतराला मागं डब्याच्या गंजाचं वर्तुळ उमटलं होतं. आता बोलणी बसणार, म्हणून मी मान खाली घातली.

"गाडी खोललीस त्याचं काय न्हाय," ते सावकाश म्हणाले. "विचारलं असतंस तर मी नको म्हटलं असतं. पर विचारायचं की रे."

त्यापेक्षा त्यांनी मारलं असतं तर बरं वाटलं असतं. उठता उठता त्यांनी शर्यत कधी आहे ते विचारलं. मी म्हणालो, येत्या रविवारी. "मग जा," ते म्हणाले. "पंखा लावून जा."

गेलो. एकूण नऊ गाड्या होत्या. पुढच्या आठांपैकी चौघांना मी दोनदा जवळून पाहिलं, दोन्ही वेळा ते मला ओलांडून जात होते. घरी आल्यावर अप्पांनी कितवा आलास म्हणून विचारलं. नववा, मी म्हणालो. त्यांनी मान डोलावली. संध्याकाळी दवाखान्यात आत्याला आणि शेजारच्या दोन खाटांना ऐकू जाईल अशा बेतानं ते सांगत होते, आमचा बसू शर्यतीत नववा आला.

गाड्या किती होत्या, हे कुणीच विचारलं नाही. आणि न विचारलेलं सांगायची सवय मला अजूनही लागली नव्हती.