खंडेनवमीचा मदरबोर्ड

स्क्रीन काळी होती आणि माझ्या हातात स्क्रूड्रायव्हर होता. पद्माक्का हळदीकुंकवाचं तबक घेऊन समोर उभ्या होत्या.

"अण्णा, ते खाली ठेवा."

"अक्का, स्वल्प वेळ द्या. बोर्ड बाहेर काढतो, मग करा पूजा."

"वेळ संपली. आता हत्यार उचलायचं नाही. तुमचं सामान पण इथं पाटावर मांडा."

मी वाद घातला. खंडेनवमीला, म्हणजे इथल्या भाषेत आयुधपूजेला, बेंगळुरूत कुणाशी असा वाद घालून उपयोग नसतो हे जन्म इथंच काढून मला माहीत होतं. तरी घातला. कारण त्या काळ्या स्क्रीनचा अर्थ मला कळला होता आणि त्यांना कळलेला नव्हता. निदान मला तसं वाटत होतं.

पद्माक्कांचं जे. पी. नगरमध्ये एम्ब्रॉयडरीचं युनिट आहे. घर वर, युनिट खाली. आमच्यासारखंच त्यांचंही घराणं पिढ्यान् पिढ्या इथलं. घरात मराठी, दारात कन्नड. त्यांच्याकडे लग्नाच्या ब्लाउजचं काम येतं. कॉम्प्युटरवर डिझाइन तयार करायचं आणि मशीनला द्यायचं. मशीनला जी फाइल जाते तिच्यात फक्त टाके असतात, सुई कुठे टोचायची एवढंच. मोराची मान थोडी वळवायची असेल, गळ्याची कड बारीक करायची असेल, तर मूळ डिझाइनची फाइल लागते. ती फाइल ज्या सॉफ्टवेअरमध्ये बनवली त्यातच उघडते.

त्यांचं सॉफ्टवेअर जुनं होतं. ते बनवणारी कंपनी बंद पडलेली. आणि त्याचं लायसन्स बांधलेलं होतं मदरबोर्डशी. म्हणजे सॉफ्टवेअर सुरू होताना बोर्डाचा नंबर बघतं. तो जुळला तर उघडतं, नाही जुळला तर नाही. बोर्ड बदलला की लायसन्स गेलं, आणि नवं द्यायला आता कंपनीत कुणी नाही. पद्माक्कांनी स्वतः काढलेली सगळी डिझाइनं त्या एका बोर्डावर अवलंबून होती.

"नवीन कॉम्प्युटर घ्या असं सगळे सांगतात," त्या पहिल्यांदा फोनवर म्हणाल्या होत्या. "नवीन घेऊन काय करू? त्याच्यात माझे मोर येणार आहेत का?"

पण जुना कॉम्प्युटर फार मंद झाला होता. मोठं डिझाइन उघडलं की तासभर अडकून बसायचा. दसऱ्यानंतर लग्नसराई. तेव्हा बोर्ड तोच ठेवून प्रोसेसर बदलायचा असं आम्ही ठरवलं.

इथं थोडं समजावून सांगतो. प्रोसेसर म्हणजे हिशेब करणारी चिप. मदरबोर्ड म्हणजे ती चिप, मेमरी, डिस्क हे सगळं ज्यावर बसतं तो मोठा हिरवा किंवा काळा तक्ता. प्रोसेसर ज्या खाचेत बसतो तिला सॉकेट म्हणतात. सॉकेट जुळलं नाही तर प्रोसेसर बसतच नाही. पण सॉकेट जुळलं म्हणजे काम झालं असंही नाही. बोर्डावर एक छोटी चिप असते, तिच्यात बायोस नावाचा प्रोग्रॅम असतो. बटण दाबल्यावर सगळ्यात आधी तो जागा होतो आणि कोणता प्रोसेसर बसलाय ते ओळखतो. ओळख पटली नाही तर स्क्रीनवर काहीच येत नाही. जुन्या बोर्डाला पुढे आलेला प्रोसेसर ओळखता यावा म्हणून बायोस अपडेट करावा लागतो.

हे मला येत होतं. निवृत्तीनंतरही लोक मला कॉम्प्युटर दुरुस्तीला बोलवायचे ते त्यामुळेच. एस. पी. रोडच्या कॉम्प्युटर बाजारातल्या नागराजकडून मी प्रोसेसर घेतला. नागराज माझ्या मुलाच्या वयाचा, पण धंद्यात मुरलेला.

"सर, सॉकेट सेम आहे, डोळे मिटून लावा."

"आतमध्ये ग्राफिक्स आहे ना? त्यांच्याकडे वेगळं कार्ड नाही."

"अय्यो, बरं झालं विचारलंत," म्हणत त्याने पुढे केलेला डबा मागे घेतला आणि दुसरा काढला. काही प्रोसेसरमध्ये चित्र दाखवायची सोय असते, काहींत नसते. नसलेला लावला असता तर सगळं जुळूनही स्क्रीन काळीच राहिली असती. ही चूक टाळली म्हणून मी स्वतःवर खूश होतो.

खंडेनवमीला सकाळी मी येलहंकाच्या घरून निघालो. रस्ताभर फोडलेले कोहळे, फुलांचे ढीग आणि गाड्या. पोचेपर्यंत बराच उशीर झाला. पद्माक्कांना पूजेच्या आधी कॉम्प्युटर तयार हवा होता. युनिटमधल्या बाया कात्र्या, सुया, बॉबिनं पुसून पाटावर मांडत होत्या. मी घाईघाईने बोर्ड बनवणाऱ्यांच्या साइटवरून सगळ्यात नवा बायोस पेनड्राइव्हवर घेतला, यूपीएस तपासला, जुना प्रोसेसर जागेवर असतानाच अपडेट सुरू केला. शंभर टक्के झालं. कॉम्प्युटर आपोआप बंद होऊन परत सुरू झाला.

पंखा फिरला. स्क्रीन काळी.

मी थांबलो. बंद करून परत सुरू केला. मेमरी काढून परत बसवली. बोर्डावरची गोल बॅटरी काढून लावली. काही नाही.

माझ्या मनात एकच निदान आलं. बायोस अर्धवट लिहिला गेला, बोर्ड मेला. आमच्या भाषेत बोर्डाची वीट झाली.

नवा प्रोसेसर शेजारी सीलबंद पडलेला होता. तो लावून बघावा असं मला सुचलं नाही, आणि ते का सुचलं नाही हे सांगायला हवं. आमच्या कामात दोन नियम असतात. पहिला, काही बिघडलं तर आधी जे चालत होतं त्यावर परत या. दुसरा, ज्या बोर्डाबद्दल शंका आहे त्यावर नवा माल चढवू नका, कारण खराब बोर्ड चांगला प्रोसेसर जाळू शकतो आणि सील फोडलेला माल दुकानदार परत घेत नाही. दोन्ही नियम चांगले आहेत. मी ते दुसऱ्यांनाही शिकवले आहेत. त्या दिवशी दोन्ही नियम पाळून मी चुकीच्या दिशेने निघालो होतो.

माझा बेत असा होता. बोर्ड बाहेर काढायचा, हीट गनने तापवून बायोसची चिप सोडवायची, घरी नेऊन चिप लिहायच्या यंत्रावर तिच्यात बायोस परत लिहायचा आणि ती पुन्हा डाग देऊन बसवायची. नव्या बोर्डावर हे जमतं. इतक्या जुन्या बोर्डावर आजूबाजूचे तांब्याचे पट्टे उचलले जातात. एक पट्टा उचलला तरी बोर्ड संपला. हे मला ठाऊक होतं आणि तरी मी स्क्रू काढायला घेतले होते. त्याहून वाईट म्हणजे पद्माक्कांना काय सांगायचं ते वाक्यही मी मनात तयार केलं होतं. "अक्का, बोर्ड फार जुना होता, कधीतरी जाणारच होता." हे वाक्य मी कुणापुढेही उच्चारलं नाही. पण तयार केलं होतं, आणि ते मला अजून बोचतं.

"मांडता ना अण्णा?" त्या म्हणाल्या. "ते पिस्तुलासारखं काय आहे, ते पण ठेवा."

मी स्क्रूड्रायव्हर, पकड, हीट गन पाटावर ठेवली. त्यांनी हीट गनच्या नळीला कुंकू लावलं. कॉम्प्युटरच्या उघड्या पेटीत अक्षता टाकायला त्या हात पुढे नेणार एवढ्यात मी झाकण लावलं, तेवढं एक शहाणपण दाखवलं.

"झालं का काम?"

"थोडं राहिलंय."

"मग उद्या करा. विजयादशमीला काम सुरू करणं चांगलंच. कॉफी आणते."

"नको अक्का, ट्रॅफिक लागेल."

माझी हत्यारं त्यांच्याकडेच राहिली. पुढच्या दिवसापर्यंत ती उचलायची नाहीत म्हणून.

घरी आलो आणि करण्यासारखं काही नव्हतं. बॅगच नव्हती. बायकोने जेवायला वाढलं. जेवून मी नागराजला फोन केला. दुकान पूजेपुरतंच उघडं होतं, मागे घंटा वाजत होती.

"नागराज, एक बायोस चिप मिळेल का? बोर्डाचं मॉडेल सांगतो."

"चिप कशाला सर?"

"बायोस टाकताना बोर्ड गेला."

"नवा प्रोसेसर लावून पण गेलेलाच?"

"नवा लावलेला नाही. मेलेल्या बोर्डावर सीलचा माल कसा लावू?"

"मेला हे कसं कळलं?"

"जुन्या प्रोसेसरवर डिस्प्ले येत नाही."

तो हसला. "सर, जुन्यावर आता येणारच नाही. चिपमध्ये जागा केवढी असते? नव्या प्रोसेसरची माहिती घालायची तर जुन्यांची काढावी लागते. तुमचा जुना त्यात उडाला असणार. अपडेट बरोबर झालाय म्हणून तर स्क्रीन काळी आहे."

मी फोन कानाला तसाच धरून घरच्या कॉम्प्युटरसमोर जाऊन बसलो.

"मनाला लावून घेऊ नका," तो म्हणाला. "मी स्वतः असा एक बोर्ड मेला समजून भंगारात दिलाय. कळलं तेव्हा रडायचा बाकी होतो."

मी बोर्डवाल्यांची साइट उघडली. डाउनलोडच्या बटणाखालीच लिहिलेलं होतं. या आवृत्तीनंतर आधीच्या पिढीचे प्रोसेसर चालणार नाहीत आणि मागे जाता येणार नाही. सकाळी मी बटण पाहिलं होतं, खालची ओळ नाही. बायोस काय नवं देतो एवढंच बघायची सवय. तो काय काढून घेतो हे बघायची सवय नव्हती.

 बोर्ड धडधाकट होता. त्याला मारायची सगळी तयारी मी केली होती आणि मध्ये फक्त एक कुंकवाचं तबक आलं होतं.

दुसऱ्या दिवशी पद्माक्कांनी पाटावरून हत्यारं उचलून माझ्या हातात दिली. हीट गन मी सरळ बॅगेत टाकली. प्रोसेसरवरचा पंखा काढताना फार जपावं लागलं. मधली पेस्ट वाळून दगड झालेली असते. सरळ ओढलं तर पंख्याबरोबर प्रोसेसरही उपटून येतो आणि पिना वाकतात. डावीकडे, उजवीकडे थोडं थोडं फिरवत तो सुटला. जुना प्रोसेसर काढला, नवा बसवला, नवी पेस्ट लावली, बटण दाबलं.

पहिल्यांदा सुरू होताना बोर्ड मेमरीची ओळख करून घेतो, त्याला वेळ लागतो. स्क्रीन काळीच. पद्माक्का माझ्या खांद्यामागे उभ्या.

"अण्णा, होतंय ना?"

"होतंय."

मग पांढरी अक्षरं आली. नवा प्रोसेसर आढळला, पुढे जायचं का, असं बोर्ड इंग्रजीत विचारत होता. मी होकाराचं बटण दाबलं. विंडोज सुरू झालं. मग पद्माक्कांनी स्वतः माऊस घेतला आणि ते सॉफ्टवेअर उघडलं. लायसन्सची खिडकी क्षणभर दिसली आणि गेली. बोर्ड तोच होता, नंबर तोच होता. त्यांनी एक मोठं डिझाइन उघडलं. एका पूर्ण पाठीवर पसरलेला पिसारा. बोलता बोलता उघडला.

"सरी, झालं बरोबर," त्या म्हणाल्या, आणि पदराने स्क्रीन पुसली.

पुढे त्यांनी इथल्या आमच्या मराठी समाजात सगळ्यांना सांगितलं की मेलेला बोर्ड अण्णांनी जिवंत केला. बोर्ड मेला होता हे त्यांना माझ्याच एका मित्राकडून कळलं, आणि मित्राला मी सांगितलं होतं, थोडं रंगवून. संक्रांतीच्या कार्यक्रमात इथल्या मराठी मंडळाने माझा सत्कार केला. मी हात जोडले आणि गप्प बसलो. नंतर कुणी विचारलं की मी तीच गोष्ट सांगायचो, आणि तीत ना नागराज असायचा ना खंडेनवमी. सांगत गेलो तसतशी ती माझी मलाही खरी वाटायला लागली.

आता वय झालं. हे लिहायला घेण्याआधी मी जे. पी. नगरला गेलो आणि पद्माक्कांना सगळं सांगितलं. ते तयार केलेलं वाक्यसुद्धा.

त्या ब्लाउजची बाही तपासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "काहीतरी बिघडलंय हे मला तेव्हाच कळलं होतं. माझ्याकडची कॉफी सोडून तुम्ही कधी जात नाही."

"मग विचारलं का नाही?"

"विचारून काय केलं असतं? तुम्ही अजून घाबरला असता."

"अक्का, तुम्ही थांबवलंत म्हणून तो बोर्ड वाचला. हे मी लिहिणार आहे."

"मी कुठे थांबवलं? राहुकाळ लागत होता. त्याच्या आत पूजा व्हायला हवी होती, म्हणून घाई केली." मग त्या हसल्या. "लिहायचंच असेल तर नागराजचं लिहा. बिचाऱ्याला पूजेच्या दिवशी फोन केलात."

नागराजला फोन केला तर त्याला तो प्रसंग आठवतही नव्हता. "असे रोज किती फोन येतात सर," म्हणाला.

तर श्रेय घ्यायला दोघांपैकी कुणीही तयार नाही. म्हणून मी इथं लिहून ठेवतो. तो बोर्ड मी वाचवला नाही. तो माझ्यापासून वाचवला गेला, आणि ज्यांनी वाचवला त्यांचा मी ऋणी आहे. युनिट चालू आहे, बोर्ड तोच आहे.

जुन्या बोर्डावर नवा प्रोसेसर घालणाऱ्यांसाठी एवढंच. सॉकेट बघा, ग्राफिक्स बघा, आणि बायोसच्या बटणाखाली बारीक अक्षरात जे लिहिलेलं असतं ते बटण दाबण्याआधी वाचा. एवढं करूनही स्क्रीन काळी पडली, तर हत्यार खाली ठेवा आणि जेवून घ्या.