निरोप्या तात्या

तात्या गेल्याचं मला एक दिवस उशिरा कळलं. सोमवारी त्यांचा पुतण्या कचेरीत आला, व्हरांड्यात उभ्या उभ्या सांगून निघून गेला. आदल्या दिवशीच अमरधामात सगळं उरकलं होतं. आता महिना झाला. मन अजून ताळ्यावर नाही... खरं सांगायचं तर थकून गेलंय.

गोदाकाठच्या आमच्या जुन्या वस्तीत मयत झालं की पहिल्या हंबरड्यालाच सगळी आळी दारात जमायची. पुढे सातपूरला कारखाने आले, आमच्यातली शिकलेली पोरं कारकून झाली, मास्तर झाली आणि जो तो कॉलनीत राहायला गेला. फोन कुणाकडे होते? मग पाणीखात्यात कामाला असलेले तुळशीरामतात्या सायकल काढायचे. सातपूर, देवळाली, नाशिकरोड... कोण कुठे राहतो, हे साऱ्या समाजात एकट्या त्यांना तोंडपाठ. फाटकातूनच खणखणीत जयभीम करायचे, कोण गेलं, किती वाजता उचलायचं ते सांगायचे आणि पाणीही न पिता पुढच्या घरी.

मीही एका कॉलनीत भाड्याने खोल्या घेतल्या होत्या. आडनावावरून घरमालकांना काही उमगलं नव्हतं आणि मीही उमगू दिलं नव्हतं. एका दुपारी तात्यांचा जयभीम फाटकातून आला, तेव्हा मालकीणबाई ओट्यावर गहू निवडत होत्या. त्यांचे हात थांबले. मी तात्यांना घाईघाईने कोपऱ्यापर्यंत नेलं आणि म्हणालो, "तात्या, यापुढं निरोप कचेरीतच देत जा."

त्यांनी सायकल वळवली. "बरं," म्हणाले. रागावले असते तर परवडलं असतं. त्यानंतर ते कायम कचेरीत आले आणि हळू आवाजात बोलले. पुढे मी स्वतःचं घर बांधलं, घरमालकाचा प्रश्नच उरला नाही, तरी तात्यांना घरी या म्हणालो नाही. राहून गेलं, असं मी स्वतःला सांगत आलो.

तात्यांच्या जलदानविधीच्या दिवशी त्यांच्या घरी गेलो, त्यांच्या बायकोजवळ, काकूंजवळ बसलो आणि न राहवून विचारलं, मलाच वेळेवर कसं कळवलं नाही?

"पोरं समद्यांच्या दारी गेली," काकू म्हणाल्या. "तुझ्या नाय गेली. ह्यांनी सांगून ठेवलं व्हतं, त्याच्या घरी जायचं नाय, हापिसात जायचं. त्या दिवशी रविवार व्हता."

मान वर करायची लाज वाटली. खिशातून कागद काढला, त्यावर घरचा पत्ता लिहिला आणि त्यांच्यापुढे धरला. काकूंनी तो हातात घेतलाच नाही.

"मी ठेवून काय करू?" त्या म्हणाल्या. "आता फिरणारं कोण हाय?"