एका घरी एकच गमछा

असीरगडला जायचं माझ्या मनात नव्हतं. ज्या गडावर रोज पहाटे अश्वत्थामा येऊन महादेवाला फूल वाहून जातो म्हणतात, तिथं माझ्यासारखीनं जाऊन आणखी काय वाहायचं? पण करीम उस्तादांचा निरोप आला की घरातल्या वडीलधाऱ्यानं यावं, पोरांची निवड आहे. आमच्या घरात वडीलधारं म्हणजे मीच. मुलगा तुळशीराम पन्नाशीला टेकला, तरी मला विचारल्याशिवाय बैल विकत नाही. विकून झाल्यावर विचारतो, ही गोष्ट वेगळी.

मला अक्षर येत नाही. मी सांगते आणि तुळशीरामची मुलगी चंद्रा लिहिते. ती बुऱ्हाणपूरच्या शाळेत चार बुकं शिकली आहे. गडावर जाणाऱ्यांना वाट कळावी, म्हणून हे लिहवून घेते आहे. बाकीचं मधे येईल ते येईल.

करीम उस्ताद बुऱ्हाणपूरच्या इतवाऱ्यातले विणकर. दरवर्षी महाशिवरात्रीपासून पाडव्यापर्यंत माग बंद ठेवतात आणि आजूबाजूच्या गावांतली पोरं घेऊन गडाच्या पायथ्याशी हुतूतूची तालीम चालवतात. हुतूतू म्हणजे दमाचा खेळ. एका दमात समोरच्यांच्या अंगणात शिरायचं, कुणाला तरी शिवायचं आणि दम तुटायच्या आत परत यायचं. गड रोज चढून उतरला की दम वाढतो, म्हणून तालीम तिथं. तीसेक पोरं जातात, शेवटी नऊ ठेवायची.

ती नऊ कशी ठेवतात, ते सांगायला हवं. उस्ताद स्वतःच्या मागावर लाल काठाचे नऊ गमछे विणतात. शेवटच्या दिवशी नावं पुकारत नाहीत. ज्या घरचं पोरगं घ्यायचं, त्या घरच्या वडीलधाऱ्याच्या पदरात गमछा टाकतात आणि त्यानं तो पोराच्या कमरेला बांधायचा. उस्तादांनी वगळलं तर पोरगं उस्तादांशी भांडेल. घरच्या म्हाताऱ्याशी कोण भांडणार? शिवाय एका घरी एकच गमछा. खेळात हातपाय मोडतात, आणि एका घरचे दोन गडी एकदम अंथरुणाला खिळले तर कापूस कोण वेचणार?

यंदा आमच्या घरची दोन पोरं होती. एक तुळशीरामचा श्रीपत, म्हणजे चंद्राचा भाऊ. दुसरा माझ्या लेकीचा दगडू. लेक सुंदर विधवा होऊन माहेरी, आमच्या बहादरपूरला परत आली, तेव्हा दगडू चार वर्षांचा होता. तेव्हापासून ती आमच्याकडे भाकऱ्या थापते. तिला कुणी काही बोलत नाही. म्हणजे तिच्याशी कुणी बोलतच नाही.

आणि यंदा खेळ साधा नव्हता. निवडलेल्या नऊ जणांना इंदूरला जायचं होतं, सरकारी मैदानावर, खुद्द महाराजांसमोर. तिथं जो चांगला खेळतो त्याला सरकारच्या तालमीत ठेवून घेतात. रोजचं दूध, महिन्याचा पगार आणि राहायला एक खोली.

निघताना सुंदरनं माझ्या हातात एक कापडी पिशवी दिली. नवी, दुहेरी शिवणीची, बंद लावलेली. म्हणाली, "त्याला लागली तर दे." कुणाला ते म्हणाली नाही. तिला दुसरा आहे कोण?

पहिला दिवस. पहाटे गाडी जुंपली. बहादरपूरहून बुऱ्हाणपूर म्हणजे बैलांना काहीच नाही, ऊन तापायच्या आत आम्ही इतवाऱ्यात होतो. तुम्ही गेलात तर तिथं न्याहारी करूनच पुढं व्हा, पुढं निंबोल्यापर्यंत धड काही मिळत नाही. एका आण्याला द्रोणभर गरम जिलबी येते. रव्या-तुपाचा दराबाही मिळतो, पण तो दात नसलेल्यांसाठी. तोंडात टाकला की गेला. मी दोन्ही घेतले. तुळशीराम म्हणाला, "माय, या वयात इतकं गोड?" मी म्हटलं, "तुझं बोलणं ऐकायचं आहे दिवसभर, आधी तोंड गोड करून घेते."

शनवारा दरवाज्यातून बाहेर पडलं की सरळ सडक. बैलांचा कडबा शहरातच भरून घ्या, सडकेवरचे लोक प्रवाशाचं तोंड बघून भाव सांगतात. दोन्ही बाजूला पळस असा फुललेला की डोळे दुखावेत. मुक्काम निंबोल्याच्या धर्मशाळेत केला. जागा फुकट, पण पाणी लांबून आणावं लागतं, आणि ढेकूण जातपात न बघता चावतात. बरोबर ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि लसणाची चटणी होती. दोन दिवस टिकते, तीच न्या.

सगळी वाट तुळशीराम एकच दळण दळत होता. श्रीपतची पकड कशी पक्की आहे, श्रीपत घराण्याचं नाव कसं काढील. दगडूचं नाव नाही. एकदाच म्हणाला, "दगडूचं काय, तो हसतमुख आहे. त्याला कशाचं वाईट वाटत नाही."

हे ऐकून मला राग यायला हवा होता. आला नाही, कारण हे वाक्य माझंच होतं. दोन्ही पोरं लहान असताना मी गुळाचे दोन खडे करी. एक मोठा होई, एक लहान. लहान खडा श्रीपतला दिला तर तो दुपारभर भिंतीकडे तोंड करून बसे. दगडूला दिला तर तो हसे आणि म्हणे, "आजी, तुला डोळ्यांनी दिसत नाही का गं?" मग मी रोजच त्याला लहान द्यायला लागले. घर शांत राही.

दुसरा दिवस. दुपारच्या आत असीरगडच्या पायथ्याशी पोचलो. गाव लहान. विहीर चांगली, दुकान एकच, आणि त्यात गूळ, तंबाखू आणि मीठ एकाच वासाचे. आंब्यांच्या झाडांखाली पोरांचे डेरे. सगळी काळवंडलेली, गालफडं आत गेलेली. श्रीपत बापाकडे गेला. दगडू माझ्याकडे आला आणि म्हणाला, "चल आजी, तुला गड दाखवतो. चढवत नसेल तर पाठुंगळी घेतो, तुझं वजन जिभेतच आहे सगळं."

गड चढायचा तर उन्हं कलल्यावर चढा आणि पाणी बरोबर ठेवा. वाट दगडी, मधे तीन-चार ठिकाणी बसायला जागा. मी प्रत्येक जागेला मान दिला. वर गोऱ्यांच्या पलटणीच्या पडक्या बराकी आहेत, त्यांची थडगी आहेत, आणि दूर तापीची रेघ दिसते. महादेवाचं देऊळ जुनं. पुजाऱ्यानं अश्वत्थाम्याची गोष्ट सांगितली: कपाळावरची जखम भरत नाही, मरण येत नाही, तेल मागत फिरतो. मी दगडूला म्हटलं, "घरी गेल्यावर तेलाची बरणी लपवायला सांग तुझ्या आईला."

तो नेहमीसारखा हसला नाही. पायरीवर बसला आणि म्हणाला, "आजी, मला इंदूरला ठेवून घेतलं तर मी आईला घेऊन जाईन. एक खोली देतात. आई तिथं भाकऱ्या करेल त्या आमच्या दोघांच्या."

मी म्हटलं, "जाशील."

एवढंच. चंद्रा, लिही. थांबू नको.

तिसरा दिवस. सकाळी शेवटचा खेळ. सगळ्या घरचे वडीलधारे ओळीनं बसलेले. उस्तादांनी श्रीपत आणि दगडूला समोरासमोरच्या बाजूंना टाकलं. श्रीपत चढाईला आला, अंगानं भरलेला, आवाज मोठा. दगडूनं त्याचा घोटा धरला आणि सोडलाच नाही. श्रीपतचा दम तिथंच तुटला. मग दगडू गेला. मी आयुष्यात पुष्कळ हुतूतू ऐकलं आहे, पण असा लांब दम ऐकला नाही. आवाज बारीक, एकसारखा, चरख्याच्या सुतासारखा. दोघांना शिवून तो परत आला तरी सूत तुटलं नव्हतं. श्रीपत झाडाला पाठ लावून जमिनीकडे बघत बसला होता. ते तोंड माझ्या ओळखीचं होतं.

खेळ संपल्यावर उस्ताद एकेका घराकडे आले. माझ्यासमोर उकिडवे बसले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "माय, मेरे को पूछो तो दगडू. पण घर तुमचं आहे. गमछा घरच्या हातानं बांधायचा, हा आपला रिवाज." आणि गमछा माझ्या पदरात टाकला.

मी उठले. डाव्या हाताला तुळशीराम उभा होता, हात जोडल्यासारखे. त्याच्यामागे श्रीपत, भिंत शोधत असलेला. उजवीकडे दगडू. तो आधीच कंबर पुढं करून उभा होता. त्याला उस्तादांचं बोलणं ऐकू आलं नव्हतं, पण आपला खेळ त्याला माहीत होता. आणि काल मी "जाशील" म्हटलं होतं.

मला वाटलं, हा हसेल. दुसरा वर्षभर हसणार नाही, त्याचा बाप हसणार नाही, सून चुलीपाशी भांडी आपटेल. एवढाच हिशेब, दुसरा नाही. वयानं शहाणपण येतं म्हणतात. मला फक्त कंटाळा आला होता, भांडणाचा.

मी गमछा श्रीपतच्या कमरेला बांधला.

उस्ताद उठले. रिवाज त्यांचाच होता. पुढच्या घराकडे वळताना त्यांनी एकदा माझ्या हातांकडे पाहिलं, तोंडाकडे नाही.

आणि दगडू हसला. माझा अंदाज बरोबर निघाला. कधी कधी वाटतं, तेवढा एक चुकला असता तर बरं झालं असतं. त्यानं श्रीपतच्या पाठीवर थाप मारली, मग गाडीपाशी आला. सुंदरची पिशवी माझ्या गाठोड्यातून डोकावत होती. आईची शिवण त्यानं लगेच ओळखली. उलटून पालटून पाहिली, बंद ओढून पाहिले आणि श्रीपतला दिली. म्हणाला, "घे, तुला लागेल. इंदूरला सामान कशात नेशील?"

परतीची वाट उताराची आहे, बैलांना सोपी जाते. निंबोल्याला न थांबता शनवाऱ्यापर्यंत येता येतं. गाडी दगडूनं हाकली. मी दोन-तीनदा टोमणा टाकून पाहिला. एकदा म्हटलं, बैल तुझ्यापेक्षा शहाणे दिसतात. तो म्हणाला, "हो आजी." माझा टोमणा त्यानं आयुष्यात पहिल्यांदा परत केला नाही. इतवाऱ्यात तुळशीरामनं सगळ्यांना जिलबी घेतली. माझ्या द्रोणात मुंग्या झाल्या.

घरी पोचलो तेव्हा सुंदर दारात होती. श्रीपत गाडीतून उतरला, खांद्यावर ती पिशवी. तिनं पिशवीकडे पाहिलं. मग त्याच्या पायांवर पाणी घातलं, दगडूच्या पायांवर घातलं, माझ्या पायांवर घातलं, आणि भाकऱ्या थापायला आत गेली. मला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी गमतीचं काहीतरी सांगितलं असतं, हे तिला माहीत आहे.

श्रीपत इंदूरला गेला आणि आठव्या दिवशी परत आला. पहिल्याच चढाईत धरला गेला. तो म्हणतो, तिथली जमीन कडक होती. गमछा चार दिवस खुंटीवर होता. आता तुळशीराम त्यानं बैलांची अंगं पुसतो. लाल रंग अजून पक्का आहे. करीम उस्तादांचं विणकाम.

दगडू लालबागेकडच्या एका जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, लागला. कापसाच्या गासड्या उचलतो. तंतू छातीत जातात, सगळ्यांच्याच जातात. परवा बाजाराच्या दिवशी घरी आला, तेव्हा विहिरीपासून ओसरीपर्यंत येताना मधे एकदा दम घ्यायला थांबला. मी ओसरीवरून मोजत होते.

तर गडावर जरूर जा. फाल्गुनात जा, पळस असतो. भाकरी बरोबर न्या, पाणी न्या, देवळात महादेवाला फूल वाहा. वरून तापी दिसते ती खरंच बघण्यासारखी आहे. ज्या पायरीवर दगडू बसला होता, ती डाव्या हाताची तिसरी. तिथं सावली असते.

परवा बाजाराच्या दिवशी दगडू आला, तेव्हा मी त्याच्यासाठी गुळाचा मोठा खडा काढून ठेवला होता. श्रीपत पलीकडे जेवत होता. मी सगळ्यांसमोर तो खडा दगडूच्या ताटात ठेवला. दगडूनं उचलला, हातावर तोलला आणि श्रीपतच्या ताटात टाकला.

हसतच म्हणाला, "राहू दे आजी. मला मोठ्याची सवय नाही."