कशावरून बाईंचं गाऱ्हाणं

"सूर्य कुठे उगवतो?"

"पूर्वेला, बाई!" तिसरीचा अख्खा वर्ग एका सुरात.

"कशावरून?"

सूर गळाला. मुलं एकमेकांकडे बघू लागली. शेवटी प्रांजल चाचरत म्हणाला, "पुस्तकात आहे, बाई."

"पुस्तक पहाटे उठून बघायला गेलं होतं?"

मागच्या बाकावरून श्रुतिका उठली. "बाई, आमच्याकडे तो समोरच्या टॉवरच्या टाकीमागून येतो. आणि उशिरा येतो. तोवर मी शाळेत आलेली असते."

"हां! ही एकटी खरं बोलली. उद्या सगळ्यांनी बघून यायचं, कुणाच्या घरी सूर्य कशामागून येतो ते. बघून. आईला विचारून नाही!"

दहिसरला नदीच्या वळणावर ही एकमजली शाळा आहे. मराठी माध्यम, पहिली ते चौथी, पुढे पिंपळ आणि तिन्ही बाजूंनी टॉवर. रत्नप्रभा घाडीगावकर इथे तिसरीला शिकवतात, पण त्यांचं हे नाव फक्त हजेरीपटावर. गल्लीत, भाजीवाल्याकडे, रिक्षा स्टँडवर त्या 'कशावरून बाई'. भाजीवाला म्हणाला "ताजी आहे", तर "कशावरून?" डॉक्टर म्हणाले "काही नाही, साधा ताप", तर "कशावरून?" तरुणपणी स्थळं आली, तेव्हा त्या मुलाच्या ऑफिसात जाऊन शिपायाकडे चौकशी करून आल्या. एकाही शिपायाने बरं सांगितलं नाही. लग्न राहिलं ते राहिलंच. बाईंना त्याची खंत नव्हती. शिपायाचं म्हणणं त्यांना पटलं होतं.

हे वेड उगाच लागलेलं नाही. बाईंचे वडील जयवंत परळला गिरणीत होते. संपाच्या दिवसांत चाळीत एक माणूस यायचा. इस्त्रीचा शर्ट, जिभेवर मध. "काका, फक्त माहिती घेतोय हो." आईने केलेले पोहे खायचा, छोट्या रत्नाच्या गालाला हात लावायचा आणि विचारायचा, "गावी जमीन किती? आंबे किती?" वडिलांनी कौतुकाने सगळं सांगितलं. गिरणीचा भोंगा पुन्हा वाजला तेव्हा ज्यांना गावी जमीन होती त्यांना बोलावणंच आलं नाही. म्हणे, तुम्हाला काय, गाव आहे! तो माणूस मालकांचा निघाला. त्या दिवसापासून रत्नाने एक नियम करून टाकला: गोड बोलणारा दारात आला की आधी कडी लावायची.

आणि म्हणूनच, नवी आलेली ऋता त्यांना पहिल्या दिवसापासून खुपली.

ऋता बोरिवलीची, जेमतेम पंचविशीची, कंत्राटावर पहिली-दुसरीला लागलेली. "बाई, तुमची साडी काय झकास आहे!" "बाई, तुमच्या वर्गात मागे बसू का, शिकायला?" बाईंनी मनात कडी लावली. शिकायला की बघायला?

एके शनिवारी शाळा सुटल्यावर बाई विसरलेला डबा घ्यायला परत आल्या, तर ऋता तिसरीच्या वर्गात एकटी उभी होती. हातात मोबाइल. रिकाम्या बाकांचे फोटो काढत होती. एक असा, एक तसा, एक दारातून.

"काय गं, बाकांचं लग्न जमवतेस?"

ऋता दचकली, मग हसली. "नाही हो बाई. असंच. कामासाठी."

असंच कामासाठी! असंच असतं ते काम नसतं, आणि काम असतं ते असंच नसतं. बाई डबा घेऊन निघाल्या खऱ्या, पण वाटेत त्यांनी रिक्षावाल्याला तीनदा चुकीचं वळण सांगितलं.

पुढच्या आठवड्यात मोजपट्टीवाला आला. शाळेची भिंत मोजली, पिंपळाचा पार मोजला, फाटकाबाहेर जाऊन रस्ताही मोजला. ऋताने त्याला पाणी दिलं, वर्ग दाखवले.

"कशासाठी मोजताय?" बाईंनी विचारलं.

"रंगकाम आहे, मॅडम."

"रस्त्याला रंग देणार?"

तो पट्टी गुंडाळून सटकला.

आणि मग ऋताने मुलांना घरचा अभ्यास दिला: 'आपली शाळा नसती तर मी कोणत्या शाळेत गेले असते? घरच्यांना विचारून या.' श्रुतिकाची धाकटी बहीण दुसरीत. तिच्याकडून तो प्रश्न आजीपर्यंत पोचला आणि आजी तडक फाटकावर. शकुआजी म्हणजे मासळी विकून दोन नाती वाढवणारी, मूळची मालवणची, आवाज असा की पिंपळावरचे कावळे उडावेत.

"गो बाय, ह्या काय इचारतत पोरांका? शाळा नसती तर? शाळा खंय जातली?"

बाईंनी इकडेतिकडे बघितलं. "शकुवयनी, मला वास येतोय. आमच्या घराकडे त्या इस्त्रीच्या शर्टान असाच इचारलेला. गावी काय आसा, किती आसा."

"म्हंजे ही पोरगी शाळा बंद करूक इली?"

"मी कुठे तसं म्हटलं? पण कुणाला काही सांगू नका."

झालं. शकुआजीला सांगणं म्हणजे नदीला सांगणं. दोन दिवसांत ऋताच्या प्रश्नाला घरोघरी कुलूप लागलं. आया फाटकावर तिला बघून गप्प होऊ लागल्या. एका बापाने तोंडावर विचारलं, "मॅडम, तुम्ही नक्की शिकवायला येता ना?" ऋताचा चेहरा उतरला. बाईंना ते दिसलं. पण त्यांनी स्वतःलाच विचारलं, कशावरून खरा चेहरा? नाटक नसेल कशावरून?

सेक्रेटरींवर मात्र बाईंना शंका आली नाही. नंदकिशोर सर हे संस्थेचे सेक्रेटरी, मुलुंडचे. ते कधीच गोड बोलत नसत. आले की खेकसायचे. "बाई, फळा पुसलेला नाही!" "बाई, पंखा चालू का?" बाईंना वाटे, असा तोंडावर खेकसणारा माणूस पाठीमागे काय करणार? नियम गोड बोलणाऱ्यांसाठी होता. खेकसणारा त्यातून आपोआप सुटला.

जानेवारीत आनंद मेळावा असे. बाकं मैदानात यायची, मुलं दुकानदार व्हायची. तिसरीची भेळ आणि लिंबू सरबत, चौथीची पालेभाजी, पहिलीचे कागदी पंखे. मोजमाप मुलांनीच करायचं, भाव मुलांनीच सांगायचा. बाईंचा गणिताचा सगळा अभ्यास त्या एका सकाळी होई. "अर्धा किलो मेथी कशावरून? तराजूत घाल आधी!"

या मेळाव्याची सुरुवात फीत कापून व्हायची नाही. गाऱ्हाणं घालून व्हायची. पालकांत निम्मे तरी कोकणातले. नारळ ठेवायचा, हात जोडायचे, एकाने देवाला सगळं सांगायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा!" म्हणून साथ द्यायची. आधी बाईंचे वडील जयवंतराव यायचे घालायला. ते गेल्यावर रत्नप्रभाबाई उभ्या राहिल्या. "बाईमाणूस गाराणा घालता?" कुणीतरी कुजबुजलं होतं. "कशावरून नाही?" बाई म्हणाल्या होत्या, आणि विषय तिथेच संपला होता.

वडिलांनी शेवटच्या आजारात शिकवलं होतं, खाटेवर पडल्या पडल्या: "बाय, ऐकणारे डोळे मिटतत. घालणाऱ्यान मिटूचे नाय. आणि एकाचा त्वांड बघून गाराणा घालू नको. सगळ्यांची त्वांडा बघ."

त्या सकाळी बाई ते विसरल्या. त्यांना एकच तोंड दिसत होतं. पालकांच्या शेजारी, पहिलीच्या पंख्यांमागे उभी असलेली ऋता. आज देवासमोर, गल्लीसमोर, हिचं पितळ उघडं पाडायचं.

पुढच्या रांगेत खुर्चीवर नंदकिशोर सर. मांडीवर पाण्याची बाटली. दरवर्षीप्रमाणे.

बाईंनी पदर खोचला.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मैदान दुमदुमलं.

"आज ह्या नदीच्या काठार तुजी लेकरां जमली हत रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तेंनी जो बाजार मांडलो हा, तेका यश दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सरांचा जाड आवाज सगळ्यांत वर. त्यांना हे आवडायचं.

"तेंच्या वाटेत कोण आडवो येत आसात तर तेका उभो कर, आणि उभो येत आसात तर आडवो कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मुलं खिदळली.

बाईंनी श्वास घेतला. नजर ऋतावर रोखली.

"आणि जो कोण गोड बोलान, फोटो काढून, ह्या शाळेक कुलूप घालूक बघता, तेचा कुलूप तेच्याच तोंडाक लागू दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

ऋता ओरडली. एवढ्या मोठ्याने की शेजारची पोरं तिच्याकडे बघू लागली. मान ताठ, डोळे उघडे, थेट बाईंच्या डोळ्यांत.

बाई गडबडल्या. आणि त्या गडबडीत त्यांच्या कानाला काहीतरी कमी वाटलं. इतका वेळ चाललेला ढोल मध्येच थांबावा तसं. जाड आवाज नव्हता. त्यांची नजर पुढच्या रांगेवर घसरली. नंदकिशोर सरांचे ओठ मिटलेले. हात बाटलीवर.

सगळ्यांची त्वांडा बघ.

चौथीचा शिक्षक धवल नारळ फोडायला वाकला.

"थांबा!" बाई म्हणाल्या. "नारळ नको. एक म्हाराजा कमी पडला."

"कोणाचो?" शकुआजी.

"पुढच्या रांगेतला."

सर हसल्यासारखं करून म्हणाले, "बाई, मी पाणी पीत होतो."

"झाकण बंद आहे, सर."

मैदानात कुणीतरी फिसकन हसलं, मग कुणीच हसेना.

"काही हरकत नाही," बाई म्हणाल्या, "मी परत घालते. तुम्ही परत म्हणा. जो कोण ह्या शाळेक कुलूप घालूक बघता..."

"हा काय पोरखेळ लावलाय!" सर खेकसले.

"पोरखेळ?" शकुआजी पुढे आली. "गाराण्यात? ओ सायबा, म्हणा की दोन शब्द! आमी सगळे म्हणाक लागलो, तुमका काय झाला?"

"अहो, म्हणून काय होणार आहे? मुलं कुठे आहेत इथे? संस्थेने किती दिवस ओढायचं? रिकाम्या बाकांचे फोटो बैठकीत दाखवलेत मी. सगळ्यांनी बघितलेत!"

बोलून गेले, आणि बोलून गेल्यावर त्यांना कळलं.

"सर," ऋता पंख्यांमागून पुढे येत म्हणाली, "ते फोटो देणगीदारांना पाठवायचे म्हणाला होतात. शनिवारी, शाळा सुटल्यावर काढ, उजेड चांगला असतो म्हणाला होतात. शाळा सुटल्यावर बाकं रिकामीच असणार ना!"

"आणि तो पोरांना दिलेला प्रश्न?" बाईंनी विचारलं. सरांना नाही, ऋताला.

"स्मरणिकेसाठी. सरांनीच सांगितला."

मग जो गलका झाला त्यात सूर्य कशामागून उगवतो हेही कुणाला आठवलं नसतं. मोजपट्टी, फाटकाबाहेरचा रस्ता, सगळं बाहेर आलं. जागेवर टॉवर, मुलांना दोन स्टेशनं पलीकडच्या शाळेत, असा ठराव तयार होता. सही तेवढी राहिली होती.

"सही करायचीच तर आमच्यासमोर करा," प्रांजलचे वडील म्हणाले. "इथे. भेळेच्या टेबलावर."

सरांनी भोवती बघितलं. खेकसायला तोंड उघडलं, पण समोर पाऊणशे माणसं आणि मध्ये एक न फुटलेला नारळ. "ठीक आहे," ते म्हणाले. "पालकांना विचारल्याशिवाय ठराव होणार नाही. जूनला शाळा उघडेल."

"असं नाही," बाई म्हणाल्या. "तसं म्हणा."

सरांनी बाटलीचं झाकण उघडलं, परत लावलं.

"...व्हय म्हाराजा."

"ऐकाक नाय इला!" शकुआजी.

"व्हय म्हाराजा!"

नारळ फुटला. तिसरीतल्या यज्ञेशने पहिलं खोबरं पळवलं आणि भेळेचा बाजार सुरू झाला.

दुपारी बाकं आत नेताना एका बाकाच्या एका टोकाला ऋता होती, दुसऱ्या टोकाला बाई. दारात बाक अडकलं.

"गाऱ्हाणं तुझ्यावर घातलं होतं मी," बाई म्हणाल्या.

"माहितीये. माझ्याकडेच बघत होतात. म्हणून तर एवढी ओरडले."

बाईंनी बाक तिरकं केलं. "मी गल्लीला सांगून ठेवलं होतं तुझ्याबद्दल. उद्या प्रत्येक घरी मी येते तुझ्याबरोबर. माझं म्हणणं खोटं होतं, हे माझ्या तोंडून ऐकू दे त्यांना."

"त्यांनी विचारलं कशावरून, तर?"

बाई पहिल्यांदाच हसल्या. "विचारतीलच. माझेच विद्यार्थी आहेत निम्मे." मग बाक आत सरकवत म्हणाल्या, "पुढच्या वर्षी गाऱ्हाणं तू घालायचंस. मी शिकवते. पण डोळे उघडे ठेवायचे. आणि एकाच तोंडाकडे बघायचं नाही. माझ्यासारखं."

सरांच्या शब्दावर बाईंनी अर्थातच विश्वास ठेवला नाही. मे महिनाभर त्या रोज संध्याकाळी फिरायच्या निमित्ताने फाटकावर जाऊन कुलूप तेच आहे ना ते बघत. पालकांची सभा झाली तेव्हा पहिल्या रांगेत बसल्या, आणि सरांच्या हातात पेन आलं की खाकरत.

जूनमध्ये शाळा उघडली. कुलूप जुनंच होतं. बाई सगळ्यांच्या आधी आल्या होत्या, व्हरांड्यात उभ्या होत्या. चौथीत गेलेली श्रुतिका धावत आली.

"बाई! शाळा उघडली!"

"कशावरून?"

श्रुतिका बाईंना ओढत वर्गात घेऊन गेली. तिने दप्तर बाकावर धाडकन आपटलं. धूळ उडाली.

"हां," बाई शिंकत म्हणाल्या. "बस."