रत्नव्वा आणि काळ्या जिभेचा सुलतान

हुपरीत रत्नव्वांनी पंचवीस वर्षं चांदीच्या पैंजणांच्या कड्या जुळवल्या. पुढं नजर साथ देईना, तेव्हा त्या कोल्हापुरात लेकाकडे आल्या आणि राजवीर नावाच्या तरुण बिल्डरच्या बंगल्यात स्वयंपाकाला लागल्या.

राजवीरनं हौसेनं चाऊ चाऊ जातीचं कुत्रं आणलं होतं. सिंहासारखी आयाळ, अस्वलासारखं अंग आणि जीभ निळीकाळी. नाव सुलतान.

"यप्पा! ह्यानं इख खाल्लंय काय?" पहिल्याच दिवशी रत्नव्वांनी विचारलं.

"जातच तशी हाय, मावशी," राजवीर हसला.

पण वर्षभरात त्याची हौस विरली. सुलतान खेळायचा नाही, शेपूट हलवायचा नाही, बोलावलं तर तोंड फिरवायचा. मार्चचं ऊन लागल्यापासून नुसता धापा टाकत पडायचा. एकदा राजवीरनं बाजूनं येऊन पाठीवर थाप मारली, तर तो वळून अंगावर आला. दात हाताला लागता लागता राहिले.

"बास झालं. गारगोटीला एकाच्या फार्महाऊसवर देतो. गेटला बांधून ठेवतील."

रत्नव्वांनी उभ्या जन्मात कुत्रं पाळलं नव्हतं. तरी त्या म्हणाल्या, "आठ दिवस थांबा की. मग काय करायचं ते करा."

कामं उरकली की त्या सुलतानपासून चार हात लांब जमिनीवर बसायच्या. हात लावायच्या नाहीत, नुसत्या बघायच्या. समोरून गेलं तर तो शांत असायचा, बाजूनं गेलं की दचकायचा. डोळ्यांतून सारखं पाणी यायचं आणि तो दाराच्या चौकटीला डोळा घासायचा.

चौथ्या दिवशी त्यांनी राजवीरला सांगितलं, "ह्यो रागीट न्हाय. ह्येचं डोळं दुखत्यात."

दोघांनी त्याला जनावरांच्या डॉक्टर फरहीन यांच्याकडे नेलं. त्यांनी बॅटरी लावून बघितलं. "पापणी आत वळलीय. केस डोळ्याला टोचतायत. ह्या जातीत होतं असं. छोटं ऑपरेशन करू. आणि डोळे खोल असल्यामुळं त्याला बाजूचं कमी दिसतं. नेहमी समोरून जात जा."

"उन्हाळ्यापुरती केसं भादरून टाकू का?" राजवीरनं विचारलं.

"अजिबात नको. वरचे जाड केस आणि आतली मऊ लव, हा दुहेरी थर त्याला उन्हापासूनही राखतो. रोज विंचरा, दुपारी गार फरशी आणि पंखा द्या, फिरायला उजाडताना न्या." मग त्या सुलतानकडे बघत म्हणाल्या, "चीनमधली फार जुनी जात आहे ही. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कोरीव कामातही अशी कुत्री दिसतात. शिकार केली, राखण केली. पण लाडात येणं रक्तातच नाही. जीव लावतात, दाखवत नाहीत."

"आमचं मालक असंच हुतं," रत्नव्वा म्हणाल्या. "तीस वर्सांत एकदा म्हणालं, आमटी बरी झालीया."

ऑपरेशन झालं. गळ्यात प्लॅस्टिकची कॉलर घालून सुलतान दहा दिवस चिडून बसला. रत्नव्वा रोज त्याच्या लवेतला गुंता सोडवायच्या. ह्या कामाला त्यांना नजरेची गरज नव्हती, बोटांनाच कळायचं कुठला केस कुठं अडकलाय. एकदाही हिसका बसला नाही. बाराव्या दिवशी तो आपणहून त्यांच्यापुढं येऊन विंचरून घ्यायला पाठ करून बसला.

राजवीरही आता संध्याकाळी समोर जमिनीवर बसायला लागला. एकदा सुलताननं त्याचा हात हुंगला आणि निघून गेला.

"एवढंच?" राजवीर म्हणाला.

"आजच्याला एवढंच. उद्या परत बसा."

गारगोटीचा विषय पुन्हा निघाला नाही.

टाके काढायच्या दिवशी सुलतानची मऊ, मोकळी लव बघून डॉक्टर फरहीननी विचारलं, "मावशी, आठवड्यातून दोनदा दवाखान्यात याल का? लांब केसांची कुत्री विंचरायला माणूसच मिळत नाही."

घरी सून विद्याश्रीनं आधी नाक मुरडलं. मग रात्रीत जुन्या साडीचा एप्रन शिवून दिला. "केसं घरात आणू नका म्हंजे झालं," म्हणाली.

मंगळवारी दवाखान्यातल्या टेबलावर पहिलं गिऱ्हाईक आलं. गुंत्यानं भरलेलं, थरथरणारं पांढरं पिल्लू. रत्नव्वांनी कंगवा बाजूला ठेवला आणि त्याच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या.

"बस बाळा. गडबड न्हाय आपल्याला."